राखेचा वारा

शनिवारी दिवस वर येण्याच्या आतच ओरीलिया नार्सिसने मागच्या अंगणात चुन्याची बादली पुढे ओढली. चुना आदल्या दिवशीच भिजत घातला होता. आता तो निवून दह्यासारखा घट्ट झाला होता. तिने त्यात मूठभर मीठ टाकलं, तिची आई टाकायची तसंच, म्हणजे पावसातही चुना धरून राहतो, आणि दांडक्याने ढवळायला सुरुवात केली. कोपरापर्यंत शिंतोडे उडाले. पाठीत कळ आली तशी ती थांबली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि पुन्हा वाकली.

"अगं, केवढा हा चुना!" फाटकातून तिची नणंद वर्लीन आत आली. हातात दोन कुंचे, डोक्याला रुमाल. "आपल्या घरातली माणसं गेली किती आणि तू कालवलास किती!"

"उरला तर उरला. कमी पडला तर कुणाच्या दारात मागायला जाऊ?"

सर्वसंतांचा दिवस, गेलेल्या माणसांना दिवे लावायचा सण, बुधवारी होता. त्याच्या आत बेलरीव गावातलं प्रत्येक थडगं पांढरंशुभ्र व्हायला हवं होतं. मग घर बाप्टिस्ट असो की कॅथलिक, उसाच्या फडात काम करणारं असो की दुकान चालवणारं. वर्षभर कमरेएवढ्या उंच विटांच्या त्या थडग्यांवर शेवाळ चढायचं, ओल धरायची, गाळपाच्या हंगामात पाचटाची राख बसायची. पण त्या संध्याकाळी दिवे लागायचे तेव्हा सगळी ओळ कशी न्हाऊनमाखून बसलेली दिसायची. ओरीलियाच्या आईने हे केलं, आईच्या आईने केलं. ज्याचं कुणी उरलेलं नाही त्याचंही थडगं गाव रंगवायचं. कोणी न रंगवलेलं राहू द्यायचं नाही, एवढाच नियम.

दोघी बादली मधे धरून निघाल्या. रस्त्याच्या एका अंगाला बायूचं, दलदलीतल्या ओढ्याचं, संथ पाणी, दुसऱ्या अंगाला शेतकरी प्लासीदचा तोडलेला ऊस. फडात पाचट गुडघाभर पडलं होतं. सकाळच्या दवाचा आणि आंबूस उसाचा वास येत होता.

"ओझेम कधी येतोय?" वर्लीनने विचारलं.

"उद्या. खोली रिकामी करून, सगळं सामान घेऊन."

हे सांगताना ओरीलियाचा आवाज जरा हलका झाला. तिचा नवरा ओझेम सुतार. गावचा साखर कारखाना बंद पडला तेव्हा टेक्ससला गेला, तेलाच्या कारखान्यात फळ्या ठोकायला. तेव्हापासून महिन्यातून दोन रविवार नवरा, बाकीचे दिवस फोन. घरातल्या पलंगाची एक बाजू इतकी वर्षं तशीच चापूनचोपून राहिलेली. आणि या उन्हाळ्याच्या शेवटी सिनेमावाले आले. टीव्हीची मालिका करायची होती त्यांना, जुन्या काळातली. लुइझियाना सरकार अशा लोकांना इथे केलेल्या खर्चावर करात सूट देतं. शहर सोडून खेड्यापाड्यात आले तर सूट जरा जास्त, इथलीच माणसं कामाला लावली तर आणखी जरा. हे गावात आता पोरासोरांनाही पाठ झालं होतं. म्हणून तर त्यांना बेलरीवची पडकी दफनभूमी दिसली आणि ओझेमच्या हातची सुतारकी दिसली. पहिला भाग इथे नीट पार पडला तर कंपनी बंद कारखान्याचं गोदाम घेणार होती, पुढची काही वर्षं इथेच राबणार होती. त्या शब्दावर ओझेमने टेक्ससची नोकरी सोडली होती, कंपनीचं सुतारकाम धरलं होतं, आणि आता तिथलं उरलेलं सामान आणायला तेवढा गेला होता.

दफनभूमीच्या फाटकाशी चर्चचा डीकन क्लिओफस खुर्ची टाकून बसला होता. कंपनीने त्याला राखणीला ठेवलं होतं. छातीवर बिल्ला, डोक्यावर कंपनीची टोपी. त्याच्या मागे पाटी: 'चित्रीकरण चालू. कशालाही हात लावू नये.'

"क्लिओफसभाऊ, ही पाटी आपल्यालाही आहे का?" ओरीलियाने विचारलं.

क्लिओफसने मान वळवून पाटी वाचली, जशी पहिल्यांदाच बघतोय. "आपल्याला कशी असेल? ही चोरांसाठी. आपली माणसं आत झोपलीयेत. आण ती बादली इकडे. शिडी लागेल ना तुला?"

दुपारपर्यंत पंधरा-वीस बायका जमल्या. आधी ताराच्या ब्रशने शेवाळ खरवडायचं, मग पाणी, मग चुन्याचे दोन हात. गुडघे सोलून निघत होते. कुणीतरी ओळ धरायची, बाकीच्यांनी लांबवत म्हणायचं. गाणं आणि खरवडणं एकाच तालात चालायचं. ओरीलियाने आईच्या थडग्याला दुसरा हात दिला, मागे सरून पाहिलं, आणि तिची नजर शेजारी गेली.

शेजारी एका छोट्या मुलीचं थडगं होतं. विटांचं नव्हतं, प्लायवुड आणि फोमचं. ओझेमनेच अशी पाच बनवली होती, आणि कंपनीच्या रंगाऱ्यांनी ती अशी मळवली होती की जन्मभर पावसात उभी असावीत. त्या छोट्या थडग्यावर नाव होतं, एल्मिना रूथ.

"खोटं आहे गं ते," वर्लीन म्हणाली.

"माहितीये. माझ्याच नवऱ्याने ठोकलंय."

"मग?"

"नाव आहे ना त्याच्यावर. बुधवारी सगळ्यांची पांढरी, आणि ही मधेच काळी बसणार? माझ्या आईची शेजारीण आहे ती." ओरीलियाने बादलीत डोकावलं. "आणि हे बिचारे लोक घरदार सोडून आपल्याकडे आलेत, आपल्याला काम दिलंय. त्यांच्या माणसांना चुना द्यायला हात आखडायचा?"

क्लिओफसने शिडी आणली. संध्याकाळपर्यंत खरी-खोटी सगळी थडगी उन्हात डोळे दिपतील अशी चकचकत होती. फाटक लावताना ओरीलियाने मनात म्हटलं, देवा, तुझे किती उपकार. या वर्षी तर शेजारही भरला.

रविवारी उपासनेला पाळक लाझर बटलर यांनी आभाराचं प्रवचन केलं. ते आधी नुसतं बोलत, घसा साफ करत, चष्मा पुसत. आणि ओरीलियाला ठाऊक असे की आता थोड्याच वेळात शब्द जमिनीवरून उचलले जातील. तसंच झालं. बोलता बोलता स्वर चढला, प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वासाचा हुंकार आला, ऑर्गनवाल्याने तो उचलून धरला. "सावकाश, पाळकबाबा, सावकाश!" मागून क्लिओफस ओरडला. ओरीलिया उभी राहून हात हलवत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या गाण्यात तिला तिची सगळी एकटी वर्षं एका दमात म्हटल्यासारखी वाटली.

उपासना सुटली तेव्हा रस्त्यावर टेक्ससच्या नंबरची लाल पिकअप उभी होती. मागे ताडपत्रीखाली गादी, स्टोव्ह, अवजारांची पेटी. ओझेम खाली उतरून दफनभूमीच्या कुंपणाशी उभा होता, टोपी हातात. ओरीलिया धावतच गेली.

"आलास!"

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "ओरी," तो म्हणाला, "हे कुणी केलं?"

"सगळ्यांनी. बघ ना, त्या मुलीचंही केलं मी."

ओझेम खालीच बसला, रस्त्याच्या कडेला. "शुक्रवारपर्यंत अर्धा प्रसंग झालाय त्यांचा. त्या पोरीचा बाप येऊन उभा राहतो, काळ्या थडग्यांत. उद्या उरलेला अर्धा. माणूस मान वळवेल आणि मागची सगळी थडगी पांढरी होतील, एका क्षणात. कसं चालेल ते?"

ओरीलियाने हाताकडे पाहिलं. नखांत अजून चुना होता.

सोमवारी सकाळी कंपनीच्या गाड्या आल्या. देखाव्याचं सगळं काम पाहणारी मिस टॅबिथा क्रेन फाटकातून आत शिरली आणि तिथेच थांबली. कॅलिफोर्नियाची बाई, केस बारीक कापलेले, बूट कायम चिखलाने माखलेले. ती ओरडली नाही. तिने दोन्ही हात तोंडावर धरले.

"क्लिओफस," ती शेवटी म्हणाली, "पाटी लावली होती ना?"

"होती की, बाई."

"कशालाही हात लावू नये, असं लिहिलं होतं."

"हात नाही लावला कुणी. कुंचे लावले." त्याला हे गंभीरपणेच म्हणायचं होतं. मागे कुणीतरी फसकन हसलं आणि ओझेमने मान खाली घातली.

ओरीलिया पुढे आली. "बाई, चूक माझी. यांचं कुणाचं काही नाही. दरवर्षी करतो, तुम्हालाही ठाऊक असेल असं धरून चाललो."

"मिस ओरीलिया, मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय? ऊन पडतं हे सांगतं का कुणी?" वर्लीन पुटपुटली. ओरीलियाने तिला कोपर मारलं.

टॅबिथा फोन घेऊन बायूकडे गेली. बराच वेळ फेऱ्या मारत होती. तोवर ओझेमला कुणीतरी सांगितलं की सुतारकामाच्या तंबूत आज येऊ नकोस, आधी काय ठरतं ते बघू. त्याने अवजारांची पेटी उचलली आणि सगळ्यांच्या देखत, त्याच्याहून निम्म्या वयाच्या पोरांच्या मधून, पिकअपपर्यंत चालत गेला. पेटी मागे ठेवली. ताडपत्री पुन्हा घट्ट बांधली. ओरीलिया बघत राहिली. काल त्याने गादीही उतरवली नव्हती.

टॅबिथा परत आली. मागे दोन रंगारी, पाठीवर फवारणीचे पंप, त्यांत तपकिरी पाणी. "दोन वाटा आहेत," ती म्हणाली. "आज सगळी थडगी परत मळवायची. नाहीतर उरलेलं काम शहरातल्या स्टुडिओत उभं करायचं. तिकडे गेलो तर खेड्याची सूट जाते, इथल्या माणसांची कामं जातात. आणि मग पुढच्या वर्षी कंपनी इथे का येईल?"

"खोटी पाच खुशाल मळवा," ओरीलिया म्हणाली.

"आणि खरी?"

ओरीलिया आईच्या थडग्याला पाठ लावून उभी राहिली. पलीकडे पिकअपमध्ये तिच्या नवऱ्याचा संसार बांधलेला होता, हे तिला इथूनही दिसत होतं. "परवा सर्वसंतांचा दिवस आहे, बाई. त्याच्या आधी माझ्या आईवर घाण पाणी मारू देणार नाही मी. माझा नवरा पुन्हा गेला तरी चालेल." शेवटचं वाक्य तिने म्हटलं खरं, पण आवाज फुटला.

पंप घेतलेल्या पोराने पंप खाली ठेवला.

मग वर्लीनच खवळून म्हणाली, "आणि एवढी घाई कशाला? तो प्लासीद आहे ना पलीकडे! एकदा त्याने पाचट पेटवलं की आमचा चुना आणि धुणं दोन्ही काळं होतंय. दरवर्षी आम्ही रंगवायचं आणि दरवर्षी त्याने राख टाकायची. फुकट करून देईल तुमचं काम!"

टॅबिथाने तिच्याकडे वळून पाहिलं. "राख किती पडते?"

"किती म्हणजे? काळा बर्फ पडतो, बाई!"

ओझेम पिकअपपासून परत येत होता. त्याने ते ऐकलं. "अंगावर पडली, वरून चार थेंब पाणी मारलं, की थडगी अगदी शुक्रवारी होती तशीच दिसतील," तो हळूच म्हणाला. "माणसाने मळवल्यासारखी नव्हे. ऋतूने मळवल्यासारखी."

प्लासीदकडे ती चौघं गेली, ओझेम, ओरीलिया, टॅबिथा आणि पाळकसाहेब. प्लासीद ट्रॅक्टरखाली झोपून काहीतरी आवळत होता. ग्रीसने माखलेला तो बाहेर आला, सगळं ऐकून घेतलं आणि हसायला लागला.

"थांबा, मला नीट कळू द्या. मी कर भरतो. त्या करातून सरकार या बाईंना सूट देतं. माझ्या शेताचा बांध तीन पावसाळे फुटलाय, त्याला सरकारकडे वेळ नाही. आणि आता पाचटही माझंच हवंय?"

"सूट आमच्या घरातल्या चुलीपर्यंत पोचलीये, मिस्टर प्लासीद," ओझेम म्हणाला. "एवढंच मला कळतं."

"आणि ही ओरीलिया! हिची आई मला कुंपणावरून शिव्या घालायची, राख पडली म्हणून. हीसुद्धा घालते. मागच्या वर्षी काय म्हणालीस गं? माझ्या नाकात राख भरो?"

"म्हणाले होते," ओरीलिया म्हणाली. "माफ करा. या वर्षी भरभरून टाका."

प्लासीदने हात पुसले. "उद्याच पेटवणार होतो मी. तुमचे दिवे होऊ देत, गुरुवारपर्यंत थांबतो. पण ऐका, वारा उत्तरेचा हवा. आत्ता समुद्राकडून येतोय. अशात पेटवलं तर सगळी राख माझ्याच घरात. आणि मधे पाऊस आला तर पाचट भिजलं, संपलं. वाऱ्याचं मी सांगू शकत नाही. ते यांचं खातं." त्याने पाळकसाहेबांकडे बोट केलं.

टॅबिथाने कंपनीकडून गुरुवार मिळवला. फक्त गुरुवार. संध्याकाळपर्यंत झालं नाही तर शुक्रवारी गाड्या भरायच्या.

बुधवारी दिवसभर आभाळ भरलेलं होतं. हवा कोंदट, समुद्राकडची. ओरीलियाने भाताबरोबर लाल घेवडा शिजवला, मक्याची भाकरी भाजली, आणि दर थोड्या वेळाने ती दारात येऊन आभाळ बघत होती. ओझेम पायरीवर बसून पिकअपकडे बघत होता.

"गादी तरी उतरव. ओली होईल."

"ताडपत्री आहे." मग जरा वेळाने, "उतरवली आणि परत चढवावी लागली तर ते माझ्याने व्हायचं नाही, ओरी."

संध्याकाळी गाव दफनभूमीत जमलं. थडग्याथडग्यावर दिवे लागले, पिवळी शेवंती ठेवली गेली. सांजेच्या उजेडात पांढऱ्या ओळी तेवत होत्या. टॅबिथा फाटकाशीच उभी होती. क्लिओफसने तिला हाताला धरून आत आणलं. एल्मिना रूथच्या थडग्यावरही दिवा होता. तो कुणी लावला ते टॅबिथाने विचारलं नाही. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने टोपी काढली.

पाळक लाझर एका जुन्या ओट्यावर चढले. सुरुवातीला इतकं हळू बोलले की मागच्यांना पुढे सरकावं लागलं.

"लहानपणी मी आजीला विचारलं, आजी, वारा कुणाचा?"

"सांगा, पाळकबाबा!"

"आजी म्हणाली, ज्याचं धुणं वाळतं त्याचा नव्हे. ज्याचं धुणं काळं होतं, त्याचाही नव्हे."

"हो, हो!"

आता स्वर उचलला गेला होता. शब्द लांबत होते, शेवटाला हुंकार येत होता. "मी म्हटलं, मग कुणाचा? अरे, ज्याने धाडला त्याचा! तो फडावरून येतो, हं! तो बायूवरून येतो, हं! तो माझ्या आईच्या केसांतून गेला, तो तिच्या थडग्यावरून गेला, तो कारखान्याच्या मोडक्या खिडकीतून गेला, आणि कुणाचं काही विचारत गेला नाही! मी त्याला बोलावू शकत नाही, मी त्याला अडवू शकत नाही. मी फक्त दार उघडं ठेवू शकतो!"

"दार उघडं ठेव!" वर्लीन ओरडली, आणि सगळ्यांनी ती ओळ धरली. दार उघडं ठेव, दार उघडं ठेव. टाळ्यांचा ताल आला, पाय आपटू लागले. ओरीलियाने शेजारी पाहिलं. ओझेम म्हणत होता. त्याला गाता येत नसे, तो कधीच म्हणत नसे. पण आज डोळे मिटून, बेसूर, जीव तोडून म्हणत होता. वारा येईल की नाही, तिला माहीत नव्हतं. पण आत काहीतरी निवलं. हा माणूस आज शेजारी उभा आहे, आजच्या दिवसाला तेवढं पुरे, असं तिने देवाला सांगितलं आणि मनापासून सांगितलं.

पाऊस आला नाही. गुरुवारी सकाळी मात्र वारा तोच, समुद्राकडचा. कॅमेरे लागले. नट तयार होऊन खुर्च्यांत बसले. टॅबिथाने गावातल्या एकूणएक घरी निरोप धाडला होता की आज धुणं वाळत घालू नये, आणि बायकांना त्याचं हसू आवरत नव्हतं. प्लासीद फडाच्या टोकाला मशाल घेऊन उभा. दर थोड्या वेळाने तो माती उचलून बोटांतून सोडायचा. माती त्याच्याच बुटांवर पडायची, घराच्या बाजूला. तो मान हलवायचा.

दुपार कलली. क्लिओफसने खुर्ची तीनदा हलवली. टॅबिथाने घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं होतं.

ओरीलिया आईच्या थडग्याजवळ उभी होती. अचानक तिच्या मानेवर गार काहीतरी आलं. तिला वाटलं, कुणी मागे उभं राहिलं. वळली तर कुणी नाही. बायूवर बारीक लहर उठली होती, उलट्या दिशेने. शेवंतीची फुलं एका बाजूला झुकली.

"मिस्टर प्लासीद!" ती जितक्या मोठ्याने ओरडता येईल तितक्या मोठ्याने ओरडली.

त्याने माती सोडली. माती दफनभूमीकडे उडाली.

फड पेटला तो सळसळत, तडतडत. लाल भिंत पुढे सरकली, धूर आडवा झाला आणि कुंपण ओलांडून आला. सगळे खोकू लागले. मग धूर वर निघून गेला आणि राख आली. लांब, काळ्या, पिसासारख्या काड्या, गिरक्या घेत, मुळीच घाई नसल्यासारख्या. खांद्यांवर, टोप्यांवर, नटांच्या जुन्या काळच्या कोटांवर, आणि ओळीने बसलेल्या सगळ्या पांढऱ्या थडग्यांवर. खरं कुठलं, खोटं कुठलं, राखेने काही पाहिलं नाही. सारख्याच हाताने पडली.

ओरीलियाचा हात सवयीने कमरेला खोचलेल्या फडक्याकडे गेला. दरवर्षी ती या क्षणी आईचं थडगं पुसायला धावायची आणि कुंपणावरून प्लासीदला शिव्या द्यायची. फडकं तिने हातात धरलं आणि तशीच उभी राहिली. आईच्या नावावर एक काडी येऊन टेकली. मग दुसरी.

"आई, आजचा दिवस खपवून घे," ती म्हणाली. "तुझा जावई घरी राहतोय."

ओझेम पाण्याचा पंप घेऊन ओळीतून फिरत होता, अगदी हलक्या हाताने, चार थेंब, पुढे. प्रत्येक खऱ्या थडग्याशी तो टोपीला हात लावत होता. टॅबिथा मागे सरकली, एक डोळा मिटून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर राखेचे दोन ओघळ उतरले. "चला," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर." आणि मग ओझेमला, "उद्या सकाळी गोदामाची मापं घ्यायला ये. आणि मिस ओरीलिया, पुढच्या वर्षी चुना कालवायच्या आधी मला बोलवाल?"

"बोलवेन. कुंचा घेऊन या."

दिवस मावळताना दोघं घरी आली. पिकअपवरची ताडपत्री राखेने काळी झाली होती. ओझेमने गाठी सोडल्या. त्याची बोटं आखडली होती, एक गाठ तिने दातांनी सोडवली. ताडपत्री दोन टोकांनी धरून त्यांनी ती उचलली.

"झटकू?" त्याने विचारलं.

"नको. अशीच दुमड, राखेसकट," ओरीलिया म्हणाली.

मग दोघांनी मिळून गादी उतरवली.